गुरुवारची मुकी फेरी

१

पडद्यावर मावशी बोलत होत्या. ओठ हलत होते, बोट फाटकाकडे जात होतं, मान ‘नाही, नाही’ अशी डोलत होती. आवाज मात्र एवढासुद्धा नव्हता.

पाळणाघराच्या चिमुकल्या ऑफिसात तिघं कॉम्प्युटरवर ओणवी झाली होती. अध्यक्षकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्पीकरच्या वायरी एकदा काढून पुन्हा खोचल्या, आणि मग हात झटकले.

“बघा. सकाळपासून सतरा वेळा लावलं. काही नाही. आणि माझ्या फोनवर तर सोमवारपासून एकही फेरी ऐकू येत नाही. फोन बदलायला झालाय.”

“तुमचा फोन जाऊ द्या काका,” ऑफिसताई म्हणाल्या. “बाकीच्या दिवसांचा आवाज कॉम्प्युटरवर येतोय ना? फक्त गुरुवारचाच येत नाही.”

फक्त गुरुवारचाच. पिटकीच्या आईने हे शब्द मनात टिपून ठेवले. गेला एक दिवस ती सगळंच टिपत होती. दाराला कडी आहे का, खिडकीला गज आहेत का, रस्त्यावरचा ट्रक किती वेगात येतो.

कारण शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता तिची अडीच वर्षांची पिटकी पाळणाघराचं फाटक उघडून एकटी बाहेर गेली होती. रस्ता ओलांडून पलीकडच्या सायकलवाल्याच्या दुकानात हवा भरायच्या पंपाशी खेळताना सापडली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण मधला तो रस्ता पिटकीच्या आईला डोळे मिटले की दिसायचा, आणि म्हणून ती डोळेच मिटत नव्हती.

मावशी एकोणीस वर्षं या पाळणाघरात होत्या. रोज संध्याकाळी मुलं गेली की त्या ‘फेरी’ मारायच्या. कॉलरला माईक, वायर लांब सोडून समोरून कुणीतरी कॅमेरा धरलेला, आणि मावशी खोल्याखोल्यांतून सांगत जायच्या: हा नळ गळतोय, ही खुर्ची डुगडुगतेय. मावशींना लिहायचा कंटाळा, म्हणून ही पद्धत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याआल्या ऑफिसताई तो व्हिडिओ कॉम्प्रेस करून, म्हणजे दाबून लहान करून, अध्यक्षांना पाठवायच्या आणि ऐकून मिस्त्रीला दुरुस्तीची यादी द्यायच्या.

“मी सांगितलं होतं,” मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. कालपासून त्यांचं हे एकच वाक्य होतं. “फाटकाची कडी निघालीय, हे मी फेरीत सांगितलं होतं.”

“मावशी, मी तुम्हाला खोटं नाही म्हणत,” अध्यक्षकाका म्हणाले, आणि म्हणताना त्यांची नजर जमिनीवर होती. “पण सोमवारी दहा वाजता समितीपुढे मी काय दाखवू? हलणारे ओठ? पालक चिडलेत. पहिल्या तर याच.” त्यांनी पिटकीच्या आईकडे हात केला.

ते खरं होतं. शुक्रवारी सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. आणि ‘निष्काळजीपणामुळे काढलं’ असं पत्र हातात पडल्यावर पन्नाशीच्या बाईला दुसरं कुठलं पाळणाघर उभं करणार होतं?

मावशी दोन पावलं पुढे आल्या. “तुमचं कामच हे आहे ना? बिघडलेले व्हिडिओ नीट करायचं? मग काढा आवाज. तुम्हीच काढा.”

‘तुम्हीच’ या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला, असं पिटकीच्या आईला वाटलं. तिने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“मूळ मोठी फाईल द्या मला.”

ऑफिसताईंचा चेहरा पडला. “ती नाही. लहान केली की मोठी पुसून टाकते मी. रोजच. कॉम्प्युटरमध्ये जागा कुठाय?”


२

तिचं काम चालायचं ते दुकान एका छापखान्याच्या माडीवर होतं. लोक फुटलेल्या, अडकलेल्या, मुक्या झालेल्या फाईली घेऊन यायचे. शनिवारी दुपारी तिथे दुसरं कुणी नव्हतं. तिने पिटकीच्या बाबांना फोन केला. पिटकी जेवली का? दार आतून लावलंय ना? बाल्कनीचं? मग पुन्हा एकदा, “नक्की?” आणि कामाला बसली.

आवाज तीन तऱ्हांनी जातो, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. एक, आवाज असतो पण चालवणाऱ्या यंत्राला त्याची भाषा कळत नाही. दोन, फाईल लहान करताना आवाजाचा पट्टाच गळून पडतो. तीन, कुणीतरी मुद्दाम आवाज बंद करतं.

पहिली शक्यता पाच मिनिटांत निकालात निघाली. तिच्या यंत्राला सगळ्या भाषा कळत होत्या. दुसरीही गेली, कारण फाईलमध्ये आवाजाचा पट्टा होता, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. राहिली तिसरी.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. कुणी? यादी न देणाऱ्या ऑफिसताईंनी? कडी न बसवणाऱ्या मिस्त्रीने? की फेरीत कडीचं नावच न घेतलेल्या खुद्द मावशींनी? ‘काढा आवाज’ म्हणणाऱ्याला आवाज निघणार नाही हे माहीत असलं, तर ते म्हणणं फार सोपं असतं.

तिने आवाजाची रेघ पडद्यावर उघडली. सरळ, सपाट रेघ. सवयीने तिने ती मोठी केली. दहापट. शंभरपट.

रेघ सपाट नव्हती.

केसाएवढी थरथर होती तिच्यात. मावशींचे ओठ हलले की थरथरायची, ओठ मिटले की थांबायची. ती खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत जाऊन परत आली. आवाज मुद्दाम बंद केला असता तर ही रेघ मेलेली असायला हवी होती, शून्य म्हणजे शून्य. ही मेलेली नव्हती. कुणी या आवाजाचा गळा दाबला नव्हता. तो आपला आपणच कशाने तरी खचून गेला होता.

कशाने?

उत्तर सुचेना, म्हणून तिने चित्र बघायला घेतलं. आवाजाशिवाय, पुन्हा पुन्हा. आणि तिसऱ्या खेपेला तिला दुसरंच काही खटकलं. बुधवारच्या फेरीत कॅमेरा मावशींच्या हनुवटीच्या पातळीला होता. ऑफिसताई बुटक्या, त्या खालूनच धरणार. गुरुवारच्या फेरीत मात्र मावशींच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. शिवाय चित्र हलत होतं. डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, क्षणभर थांबायचं. पुन्हा डावी, उजवी, थांबा. आणि फाटकाशी आल्यावर मावशी कॅमेऱ्याच्या मागे बघून काहीतरी विचारत होत्या, उत्तर ऐकत होत्या, मान डोलावत होत्या.

कॅमेऱ्यामागे माणूस होता. त्याने कडीचं सगळं ऐकलं होतं. आणि दोन दिवस तो गप्प होता.

तिने ऑफिसताईंना फोन लावला. “ताई, फेरीचा कॅमेरा रोज तुम्हीच धरता ना?”

“रोज मीच धरते,” ऑफिसताई म्हणाल्या. “पण गुरुवारी मी नव्हते हो.”


३

“दाढ,” ऑफिसताईंनी गालावर हात ठेवून सांगितलं. पिटकीची आई फोनवर समाधान न होऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. “साडेपाचलाच निघाले. कॅमेरा टेबलावर ठेवला, म्हटलं मावशी घेतील कुणाला तरी. शुक्रवारी आले, फाईल लहान केली, पाठवली, यादी करायला कानाशी लावली तर आवाज नाही. म्हटलं मावशींना विचारते नंतर. तेवढ्यात कुणाचा तरी डबा सांडला, कुणाला उलटी झाली. विचारायचं राहूनच गेलं. आणि मग तुमची पिटकी…” त्यांचे डोळे भरले. “माझीच चूक आहे थोडी.”

“फाईल लहान करताना रोजच्यापेक्षा काही वेगळं केलंत?”

“केलं की. काका रोज ओरडायचे, फाईली फार जड आहेत म्हणून. तर त्यात एक खूण होती, ‘आवाज एकाच वाहिनीत’. ती केल्यावर फाईल आणखी लहान होते असं लिहिलं होतं. शुक्रवारी पहिल्यांदाच केली. चुकलं का काही?”

पिटकीच्या आईने नुसतंच त्यांच्या खांद्यावर थोपटलं. डोक्यात काहीतरी जुळायला लागलं होतं, पण अर्धंच.

मिस्त्री पाळणाघराच्या फाटकाशीच भेटला. नवी कडी बसवत होता. ताडमाड माणूस, याने कॅमेरा धरला असता तर भांग नक्की दिसला असता.

“वहिनी, माझ्याकडे असं बघू नका,” तोंडातला स्क्रू काढत तो म्हणाला. “यादी आली असती तर नऊला कडी बसली असती. मला यादीच आली नाही.”

“गुरुवारी संध्याकाळी कुठे होतात तुम्ही?”

“दवाखान्याच्या गच्चीवर. टाकी फुटली होती. विचारा तिथल्या डॉक्टरांना, सहा ते आठ माझ्या डोक्यावर उभे होते, मीच पाणी चोरल्यासारखे.” त्याने पेटीतून एक दोरीचा तुकडा काढला. निळी नायलॉनची दोरी. “हे बघा. शुक्रवारी इथेच पडलेलं. कडी नव्हती म्हणून कुणीतरी फाटक याने बांधलं होतं. आणि गाठ कसली मारली असेल? टोकाला अजून वळ आहेत बघा. बुटाच्या नाडीची गाठ! एक टोक ओढलं की सुटली. अशी गाठ मी मारेन? मला धंदा बंद करायचाय का?”

पिटकीची आई दोरीकडे बघत राहिली. मग तिला दुसरंच काहीतरी आठवलं. “मावशींचा माईक कधी दुरुस्त केलात तुम्ही?”

तो चपापला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काकांचा फोन सोमवारपासून मुका आहे. म्हणजे सोमवारपासून काहीतरी बदललंय.”

“सोमवारीच केला. काकांनी त्यांच्या कॉलेजच्या सभागृहातला जुना माईक आणून दिला, म्हणाले याला कॅमेऱ्याची पिन लाव. आत दोन तारा आणि वर जाळी. पिनेला आत दोन टोकं आणि वर कडं. दोनाला दोन जोडले, जाळी कड्याला. चालला की! बुधवारपर्यंत आवाज येत होता.”

चालला. तिथेच तर गंमत होती. ती मनातल्या मनात जवळजवळ हसली; दोन दिवसांत पहिल्यांदाच. आवाज कसा गेला ते तिला आता कळलं होतं. कॅमेरा कुणी धरला, ते मात्र नाही.

मावशी अंगणात चटया झटकत होत्या. शनिवारी मुलं नसली तरी त्या यायच्या.

“मावशी, कॅमेरा कुणाच्या हातात होता?”

चटई हवेतच थांबली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. कीव होती.

“ते आवाजातच येईल,” त्या म्हणाल्या. “मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय.”


४

रविवारी सकाळी घरात दूध उतू गेलं, दोनदा बेल वाजली, आणि पिटकीने आपली एक चप्पल कुंडीत पेरली. पिटकीची आई एका जागी दोन मिनिटं बसली नाही. बाल्कनीचं दार तिने चार वेळा तपासलं.

“आज तरी सोड ना ते,” पिटकीचे बाबा म्हणाले. “मूळ फाईल पुसली गेलीय म्हणतेस. गेलेला आवाज गेला.”

“गेला नाहीये.”

“म्हणजे?” त्यांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

“सांगते. सभागृहाचे माईक असतात ना, लांब वायरीवाले, त्यांच्या दोन तारांत एकच आवाज दोनदा जातो. एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत खरखर मिसळू नये म्हणून तशी सोय असते. मिस्त्रीने एक तार जोडली डाव्या बाजूला, एक उजव्या. डाव्या कानाला सुलटा, उजव्या कानाला उलटा. कानाला फरक कळत नाही, दोन स्पीकरवर मजेत ऐकू येतो. पण काकांच्या फोनला एकच स्पीकर. तो दोन्ही बाजू मिसळतो. पाच आणि उणे पाच किती?”

“शून्य.”

“म्हणून त्यांचा फोन मुका. आणि शुक्रवारी ऑफिसताईंनी फाईलच ‘एका वाहिनीत’ केली. मिसळून टाकलं सगळं. मावशींच्या आवाजाने मावशींचाच आवाज पुसला.”

“झालं तर मग. शून्यातून काय काढणार?”

“शून्य नाही रे. तारा डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडल्या की दोन टाके कधी अगदी सारखे बसतात का? पाचातून पाच गेले नाहीत, चार पूर्णांक नव्याण्णव गेले. केसभर राहिलाय. तो मोठा करायचा, दुपारपर्यंत होईल.”

एरवी ते तिच्या कामाची थट्टा करायचे, ‘आमच्याकडे मुक्यांना वाचा फुटते’ म्हणायचे. आज त्यांनी कप उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

“तू गुरुवारी पिटकीला कधी आणलंस?” तिने विचारलं. असंच. अगदी असंच.

“साडेपाचला. सांगितलं होतं ना.”

पिटकी रडवेली होऊन आली. बाबांनी तिला कडेवर घेतलं आणि एका हाताने ओट्यावरचं दूध निववायला लागले. उभ्याउभ्या त्यांचे पाय आपोआप हलायला लागले. डावीकडे झुकले. उजवीकडे झुकले. क्षणभर थांबले. डावी, उजवी, थांबा.

पिटकीच्या आईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

लहान मूल कडेवर असलेला माणूस असाच उभा राहतो. मिस्त्री राहत नाही, ऑफिसताई राहत नाहीत. आणि हा ठेका, दोन झोके आणि एक थांबा, तिने अडीच वर्षं या स्वयंपाकघरात पाहिला होता.

पिटकी खाली उतरली. दारापाशी बाबांचे बूट होते. तिने त्यांतला एक मांडीवर घेतला, नाडीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. गाठ सुटली. तिने टाळ्या वाजवल्या. रोज संध्याकाळी बाबा आले की त्यांच्या नाड्या सोडणं हा या बापलेकींचा खेळ होता. महिनाभर त्यांनी तो कौतुकाने शिकवला होता.

दोघंही पोरीकडे बघत होती. एकमेकांकडे कुणीच बघेना.

“मी दुकानात जाऊन येते,” पिटकीची आई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.


५

जिना चढताना तिने स्वतःला समजावलं, की ठेका म्हणजे पुरावा नव्हे. जगात उंच बाप पुष्कळ आहेत.

तिने रेघ चाळीसपट मोठी केली. आधी नुसती खरखर आली, वाळूतून पाय ओढत चालल्यासारखी. तिने खालची घरघर कापली, वरची शिट्टी कापली. मग मधल्या पट्ट्यात, पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा, माणसाचा आवाज उभा राहिला.

“…बाथरूमचा नळ, लिहून घ्या. पाळण्याचा एक स्क्रू ढिला. आणि हे महत्त्वाचं. फाटकाची कडी निघालीय. पूर्ण निघालीय. उद्या मुलं यायच्या आत बसायला पाहिजे.”

सांगितलं होतं. मावशींनी सांगितलं होतं, शब्द न् शब्द. पिटकीची आई हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसली. इथे थांबता आलं असतं. एवढंच सोमवारी वाजवलं असतं तरी मावशी सुटल्या असत्या.

ती थांबली नाही.

“मिस्त्री फोन उचलत नाहीयेत,” मावशींचा आवाज. “काय करू हो?”

मग दुसरा आवाज. लांबून, माईकपासून दहा हातांवरून. तो ओळखायला तिला एक शब्द पुरला.

“मावशी, गाडीत दोरी आहे. मी बांधून देतो ना.”

“घट्ट बांधा हो.”

“घट्ट बांधली तर सकाळी तुम्हाला सुटायची नाही. टोक ओढलं की सुटेल अशी बांधतो.”

“आणि पिटकीच्या आईला सांगू नका,” तोच आवाज जरा ओशाळून पुढे म्हणाला. “सहा पस्तीस झालेत. या आठवड्यात दुसऱ्यांदा उशीर. ती म्हणालीय, आता पुन्हा झाला तर मी नोकरीच सोडते.”

मावशी हसल्या. आणि त्या हसण्यावर, तितक्याच लांबून, बाबांच्याच कडेवरून, तिसरा आवाज आला. बारीक, बोबडा, हट्टी.

“मी सोलनाल! बाबा, मी सोलनाल!”

पिटकीच्या आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खाली छापखान्याचं यंत्र रविवारचं बंद होतं. तिला ते चालू असायला हवं होतं.


६

“मला वाटलं, व्हिडिओत येणारच आहे सगळं,” पिटकीचे बाबा म्हणाले. पिटकी झोपली होती, दुपार होती, पडदे ओढलेले होते. “शुक्रवारी संध्याकाळी मी मावशींना म्हणालो, मला दोन दिवस द्या, मीच सांगतो घरी. त्यांनी शब्द दिला. आणि मग काका म्हणाले आवाजच नाही.”

“आणि?”

“आणि बरं वाटलं.” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “पाच मिनिटं. मग नाही वाटलं. पण तोवर सांगायची वेळ टळून गेली होती.”

“त्यांची नोकरी जाणार होती.”

“माहितीय.”

“तू म्हणालास, गेलेला आवाज गेला.”

“माहितीय गं!”

ती ओरडली नाही. ओरडून तिचं शुक्रवारीच झालं होतं, आणि ते चुकीच्या माणसावर. “उद्या दहाला मी कॉम्प्युटर घेऊन जाणार,” ती म्हणाली. “आधी तू बोलायचं की फाईलने, ते तू ठरव.”

सोमवारी ऑफिसात समितीचे तिघं, मावशी, ऑफिसताई आणि दारात टेकलेला मिस्त्री. दहा वाजले. दहा पाच झाले. पिटकीला आत चटईवर सोडून तिची आई बाहेर आली, खुर्चीवर बसली, उठली, फाटकापर्यंत जाऊन आली. सकाळी बाबा पेट्रोल भरायला म्हणून निघाले होते. दहा आठ. उशीर करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“करा सुरू,” अध्यक्षकाका म्हणाले. “आम्हालाही कामं आहेत.”

तिने बटणावर बोट ठेवलं. मावशी हळूच म्हणाल्या, “थांबायचं का आणखी जरा?” आणि तेवढ्यात ते आले. केस विस्कटलेले, शर्ट एका बाजूने बाहेर.

“दोरी मी बांधली होती,” दारातूनच ते म्हणाले, कुणी बसा म्हणायच्या आत. “मावशींनी कडीचं सांगितलं होतं. मी ऐकलं. मी बांधली, माझ्याच पोरीला सोडता येईल अशी. आणि मग दोन दिवस तोंड उघडलं नाही. पत्र द्यायचं तर मला द्या.”

मिस्त्रीने लांब श्वास सोडला. “नाडीची गाठ,” तो पुटपुटला. “मी म्हटलंच होतं.”

तरीही अध्यक्षकाका पूर्ण ऐकणार म्हणाले, प्राध्यापकी सवय. मग सगळ्यांनी ऐकलं. नळ, स्क्रू, कडी, दोरी. ‘सहा पस्तीस’ला कुणीतरी खाकरलं. शेवटच्या बोबड्या आवाजाला कुणीच हललं नाही. काकांनी समोरचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि टाकायला टोपली सापडेना म्हणून स्वतःच्याच खिशात कोंबले.

“मावशी,” ते म्हणाले, “आम्हाला माफ करा.”

“ते राहू द्या. नळ अजून गळतोय,” मावशी म्हणाल्या.

माणसं पांगली. पिटकीचे बाबा कामाला निघताना बायकोसमोर घुटमळले. “संध्याकाळी बोलू,” ती म्हणाली. काय बोलायचं ते तिने अजून ठरवलं नव्हतं. ते मान खाली घालून गेले.

मावशी आतल्या खोलीत कपाटाचे खण लावत होत्या. पिटकीची आई दारात उभी राहिली.

“मला तरी सांगायचं होतंत.”

“शुक्रवारी तुम्ही मला बोलू कुठे दिलंत?” मावशींनी शांतपणे विचारलं. “मी तीनदा तोंड उघडलं. नंतर त्यांना शब्द दिला, तो मोडता येईना. म्हणून तुम्हालाच म्हटलं, काढा आवाज. दुसऱ्या कुणी काढला असता तर तुम्ही मानलं नसतंत.”

पिटकीची आई दारातून आत आली.

“आता एक सांगा,” मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पिटकीला दुसरीकडे ठेवणार असाल तर आजच सांगा. आयत्या वेळी नको. मलाही सवय झालीय तिची.”

पिटकीच्या आईने खांद्यावरची पिशवी उतरवली. शुक्रवारी रागाच्या भरात तिने पिटकीचा खण रिकामा करून सगळं घरी नेलं होतं: दोन झबली, एक चड्डी, एक झगा. ते सगळं घड्या घालून तिने सकाळीच पिशवीत भरलं होतं, नेऊ की नको हे ठरायच्या आधीच. आता ते तिने मावशींच्या हातात दिलं.

मावशींनी एकेक कपडा उलगडून पाहिला, आणि झग्यापाशी थांबल्या.

“याचं वरचं बटण तुटायला आलंय.”

“सुईदोरा आहे का इथे?” पिटकीची आई म्हणाली, आणि चटईवर बसली.